औंधचा खुला तुरुंग ते 'दो आँखें बारह हाथ' : ऐकीव हकिकतीची पटकथा होते कशी?

कथाबीज

'सत्यघटनेवर आधारित' अशी पाटी पडद्यावर आली की आपण जरा सावरून बसतो. पण घडलेली हकिकत आणि पडद्यावरची गोष्ट या दोन्हींच्या मध्ये कुणीतरी बसून जे काम केलेलं असतं, त्याबद्दल आपल्याकडे फारसं बोललं जात नाही. चर्चा होते ती 'खरं किती, खोटं किती' याची. मला ते काम कसं होतं हे समजून घ्यायचं आहे, आणि त्यासाठी एकच चित्रपट नीट बघावा असं वाटतं : व्ही. शांताराम यांचा १९५७ चा 'दो आँखें बारह हाथ'. हकिकत आपल्या मुलखातली, लिहिणारे ग. दि. माडगूळकर, आणि हिंदीत असूनही चित्रपट हाडाचा मराठी.

आधी हकिकत. औंध हे तसं छोटं संस्थान. राजे भवानराव पंतप्रतिनिधी हे सूर्यनमस्कारांचे प्रसारक, स्वतः चित्रकार, किर्लोस्करवाडीला जागा देणारे. १९३९ च्या सुमारास त्यांनी गांधीजींच्या सल्ल्याने राज्यकारभार प्रजेच्या हाती देणारी घटना आणली. त्या कामात मॉरिस फ्रीडमन हा पोलंडहून आलेला ज्यू इंजिनियर होता. (हेच फ्रीडमन पुढे मुंबईत निसर्गदत्त महाराजांची मराठी निरूपणं इंग्रजीत नेणारे.) त्याच काळात आटपाडीच्या बाजूला माळावर कैद्यांची एक वसाहत उभी राहिली. भिंत नाही. गंभीर गुन्ह्यांत शिक्षा झालेली माणसं तिथे जमीन कसणार आणि मोकळी राहणार. नाव स्वतंत्रपूर. ही वसाहत आजही सांगली जिल्ह्यात चालू आहे, आणि कैदी तिथे बायकामुलांसह राहतात.

गदिमांचा जन्म १९१९ चा, आटपाडीजवळच्या शेटफळ्याचा. शिक्षणाचा काही काळ औंधमध्येच गेला. म्हणजे ही हकिकत त्यांना पुस्तकात शोधावी लागली नाही, ती त्यांच्या गावाकडचीच होती.

आता ती जशीच्या तशी पडद्यावर ठेवून बघा. राजाने परवानगी दिली, कैदी आले, राबले, पीक आलं, प्रयोग यशस्वी झाला. पंधरा मिनिटांत संपलं. बातमीला एवढं पुरतं, पण पटकथेला त्यात धरायला काही नाही, कारण कुठेच काही अडत नाही.

हकिकत ऐकताना प्रत्येकाच्या मनात एकच प्रश्न येतो : भिंत नाही, तर ते पळून का जात नाहीत? खऱ्या स्वतंत्रपुरात याचं उत्तर अनेक धाग्यांचं आहे. घरची माणसं सोबत आहेत, हाताला काम आहे, जमिनीत जीव गुंतलाय, पळालो तर पुन्हा भिंतीआड जाणार हे ठाऊक आहे. सगळं खरं, पण संथ. यातलं काहीही कॅमेऱ्यासमोर उभं करता येत नाही.

गदिमा-शांतारामांनी या सगळ्याच्या जागी एकच गोष्ट ठेवली : डोळे. जेलर आदिनाथची नजर. कैदी पळायला निघतात तेव्हा अडवायला कुणी नसतं. आडवी येते ती फक्त त्या डोळ्यांची आठवण, आणि ते परत फिरतात. मनातला अदृश्य धाक, किंवा प्रेम म्हणा, पडद्याच्या आकाराचा होऊन समोर उभा राहतो. माझ्या मते पटकथा इथे जन्माला आली, हकिकत ऐकली तेव्हा नाही. चित्रपटाचं नावही तिथूनच आलेलं आहे. दोन डोळ्यांच्या समोर सहा खुन्यांचे बारा हात. ज्या हातांनी खून केले त्याच हातांनी नांगर धरायचा. पोस्टरवरचे चार शब्द सबंध संघर्ष सांगतात.

आता काय काढलं ते बघा. राजा काढला, फ्रीडमन काढला, संस्थान काढलं. पहिल्यांदा हे कळतं तेव्हा वाईट वाटतं, मलाही वाटलं. पण राजा ठेवला असता तर सगळी सत्ता आधीच चांगल्या माणसाच्या हातात असती, आणि गोष्ट राजाच्या औदार्याची झाली असती. त्याऐवजी एक साधा जेलर आहे, डोक्यावर शंका घेणारा वरिष्ठ आहे, आणि सगळा प्रयोग जेलरच्या शब्दावर उभा आहे. सहातला एक जरी पळाला तरी हा माणूस संपला. हकिकतीत कुणाचं काही पणाला लागलेलं दिसत नव्हतं, इथे पहिल्या रिळापासून लागलं.

आणि काय घातलं? बाजार घातला. माझ्या दृष्टीने पटकथेतली सगळ्यात हुशार गोष्ट हीच. कैदी भाजी पिकवतात, स्वस्तात विकतात, आणि बाजारावर पकड असलेल्या ठेकेदाराचं पोट दुखायला लागतं. विरोध करायला बाहेरची, कायद्याने मोकळी माणसं येतात. कैद्यांना मार बसतो, आणि हात उगारायचा नाही असा शब्द त्यांनी आदिनाथला दिलेला असतो. हाणामारीच्या प्रसंगात सगळं नाट्य हात *न* उचलण्यात आहे. बारा हातांच्या गोष्टीत याहून योग्य प्रसंग दुसरा सुचत नाही.

खेळणी विकणारी चंपा (संध्या) मात्र मला अर्धीच पटते. वसंत देसाईंच्या संगीताला जागा हवी होती, रुक्ष माळावर बाईमाणूस हवं होतं, हे समजतं. पण ती कथेच्या कण्यातून आलेली नाही, बाजूने जोडलेली आहे. आणखी एक निर्णय मला मोठा वाटतो. दोनच वर्षांपूर्वी 'झनक झनक पायल बाजे' रंगीत करून गाजवलेल्या दिग्दर्शकाने हा चित्रपट कृष्णधवल केला. त्या माळाला रंग नकोच होते.

शेवटी ठेकेदार शेतात बैल घुसवतो. पीक वाचवायला आदिनाथ त्यांना एकटा सामोरा जातो आणि त्यात मरतो. खऱ्या हकिकतीत असं मरण नाही. ते हवं होतं का? तुम्हाला काय वाटतं?

माणदेशी

आटपाडीकडचाच आहे म्हणून लिहितो. बाहेरच्याला 'ओसाड माळ' हे चित्रपटाचं नेपथ्य वाटतं. आमच्याकडे ते रोजचं आहे. पाऊस दडी मारतो म्हणजे काय, हे माणदेशात वाढलेल्याला शिकवावं लागत नाही. 'उमड घुमड कर आई रे घटा' या गाण्यात ढग बघून जो हर्ष आहे तो सजावटीचा नाही. तो दुष्काळी माणसाचा आहे.

बैलांबद्दलही सांगतो. आमचा भाग खिलारचा. 'आटपाडी महाल' ही खिलारची जातच आमच्या नावाने ओळखली जाते. घरातलं माणूस आजारी पडलं तर उद्या बघू म्हणतील, बैल आजारी पडला तर रात्रीच धावतील. अशा मुलखातल्या लेखकाला शेवटासाठी बंदूक सुचली नाही, सुरा सुचला नाही, बैल सुचले. शेतकऱ्याचं सगळ्यात लाडकं जनावरच उभ्या पिकात घालायचं, याहून वाईट काय करणार कुणी? शहरातल्या लेखकाच्या हातून हा शेवट आला असता असं मला वाटत नाही.

राजाला काढलं याचं मात्र मला आजही वाईट वाटतं. पंतप्रतिनिधींना आमच्याकडे अजून मानाने आठवतात. गदिमांचे धाकटे बंधू व्यंकटेश माडगूळकर यांनी 'बनगरवाडी'त राजाला गावात आणलं, तालमीच्या उद्घाटनाला, आणि तो प्रसंग किती जिवंत झालाय. एका भावाने राजा ठेवला, दुसऱ्याने काढला.

निळी_शाई

मरण नको होतं, असं माझं ठाम मत. स्वतंत्रपूर टिकलं ते कुणी हुतात्मा झाला म्हणून नाही. व्यवस्था नीट होती म्हणून टिकलं. आज इतक्या वर्षांनंतरही चालू आहे ते कारकुनी कामाने, नियमांनी, पुढच्या पुढच्या अधिकाऱ्यांनी मन लावून केलेल्या साध्या नोकरीने. चित्रपटाने ते सगळं श्रेय एका दिव्य पुरुषाला दिलं. त्यातून प्रेक्षक काय शिकतो? असा महात्मा भेटला तरच कैदी सुधारतात. तुरुंग सुधारणेच्या दृष्टीने हा संदेश घातकच आहे.

डोळ्यांचंही तसंच. सतत कुणीतरी आपल्याकडे बघतंय म्हणून चांगलं वागायचं, याला मोकळं होणं म्हणायचं का? ती भिंतच झाली, विटांऐवजी नजरेची.

कथाबीज

निळी_शाई, तुमचा शेवटचा मुद्दा फार महत्त्वाचा आहे, आणि माझ्या मते मरण का आलं त्याचं उत्तरही त्यातच आहे.

आदिनाथ जिवंत असेपर्यंत आपल्याला हे कळूच शकत नाही की सहाजण बदललेत, की फक्त कुणी बघतंय म्हणून नीट वागतायत. कैद्यांनाही ते कळू शकत नाही. ही परीक्षा घ्यायची तर एकच मार्ग आहे : ते डोळे मिटायला हवेत. ते मिटल्यावर, शिक्षेतून सुटका झाल्यावरही सहाजण तिथेच राहायचं ठरवतात. पटकथेने पहिल्या भागात जो प्रश्न विचारला त्याचं उत्तर शेवटच्या भागात दिलंच पाहिजे, आणि या प्रश्नाला आदिनाथ हयात असताना उत्तर नव्हतं. म्हणून हे मरण मला रडवण्यासाठी घातलेलं वाटत नाही. मरणानंतर आकाशात डोळे दाखवले नसते तर उत्तर आणखी स्वच्छ झालं असतं, हे मात्र मान्य. तिथे दिग्दर्शकाला आपली खूण सोडवली नाही.

व्यवस्थेबद्दल तुम्ही म्हणता ते पूर्ण खरं. चित्रपटाने त्याची किंमत मोजली आहे. पण नियमपुस्तिका आणि बदलून येणारे अधिकारी यांची गोष्ट दोन-अडीच तासांत बसवायची कशी, हे मला अजून कुणी करून दाखवलेलं नाही. कादंबरीत होईल, मालिकेत होईल.

माजघर

बैलांच्या प्रसंगाचं चित्रीकरण करताना शांतारामबापूंच्या डोळ्यांना खरोखरच गंभीर इजा झाली होती. काही काळ डोळ्यांवर पट्टी होती. पुढच्या 'नवरंग'च्या (१९५९) सुरुवातीला ते स्वतः पडद्यावर येऊन हे सांगतात, की त्या अंधारात रंग दिसले आणि त्यातून तो चित्रपट आला. म्हणजे एका खऱ्या हकिकतीतून चित्रपट झाला, आणि त्याच्या चित्रीकरणातल्या खऱ्या अपघातातून पुढचा.

बर्लिन महोत्सवात या चित्रपटाला रौप्य अस्वल मिळालं, आपल्याकडे राष्ट्रपती सुवर्णपदक. आणि 'ऐ मालिक तेरे बंदे हम' तर आमच्या शाळेत रोजची प्रार्थना होती. ती तुरुंगातल्या माणसांसाठी लिहिली आहे हे कितीतरी वर्षं ठाऊकच नव्हतं. भरत व्यासांचे शब्द, लताबाईंचा आवाज.

रविवारची_दुपार

छान चर्चा. मला यात 'आनंद' (१९७१) आठवला, पण तिथे हकिकतीचं स्वरूपच वेगळं आहे. हृषीकेश मुखर्जी आणि राज कपूर यांची मैत्री, राज कपूर त्यांना 'बाबू मोशाय' म्हणत. एकदा राज कपूर खूप आजारी पडले आणि हा माणूस जाणार की काय या भीतीने मुखर्जी हादरले. झालं, एवढीच हकिकत. घटना म्हणावी असं त्यात काही नाही. एक हाक आणि एक भीती. चित्रपट राज कपूर आणि मुंबई शहराला अर्पण केलेला आहे.

मग पटकथेने काय केलं? भीती ज्याला वाटते तो मित्र डॉक्टर केला. म्हणजे त्याला सगळं आधीच ठाऊक आहे आणि तरी काही करता येत नाही. आनंद मरणार हे आपल्यालाही सुरुवातीलाच सांगून टाकलं, त्यामुळे 'वाचेल का' हा प्रश्नच राहिला नाही आणि आपण त्या माणसाकडे बघायला मोकळे झालो. आणि तो मुरारीलाल! रस्त्यात कुणालाही 'मुरारीलाल' म्हणून थाप मारणारा आनंद, आणि एक दिवस ईसाभाई (जॉनी वॉकर) त्याला उलट 'जयचंद' म्हणून हाक मारतो. मूळच्या मैत्रीत एक हाक होती, पटकथेत तिच्यातून दुसरी हाक फुटली. कथाबीज म्हणतात त्या डोळ्यांची इथली जागा बहुतेक या हाकेने घेतली आहे. शेवटी टेपरेकॉर्डरमधूनही हाकच येते.

(रमेश देव, सीमाताई, ललिता पवार, दुर्गाबाई : केवढी मराठी माणसं आहेत त्यात!)

निळी_शाई

आणि 'श्वास' (२००४)? माधवी घारपुरे यांची कथा, मूळ घटना खरी. डोळ्याच्या कर्करोगामुळे नातवाची दृष्टी जाणार, शस्त्रक्रियेच्या आधी आजोबा त्याला घेऊन रुग्णालयातून नाहीसे होतात आणि जग दाखवून आणतात.

इथे कुणाला मारावं लागलं नाही, खलनायक लागला नाही, राजा काढावा लागला नाही. घटनेतच सगळं होतं : मुदत होती, पणाला लागलेलं होतं, आणि न विसरता येणारी एक कृती होती. दिग्दर्शक संदीप सावंतांनी काय केलं असेल तर त्या कृतीपर्यंत पोचायला पुरेसा वेळ घेतला. कागदपत्रं, सह्या, रांगा, डॉक्टरची घाई, खेड्यातून आलेल्या म्हाताऱ्याला न समजणारे शब्द. ते सगळं आपण त्याच्यासोबत सोसलेलं असतं, म्हणून तो मुलाला घेऊन निघून जातो तेव्हा आपण त्याच्या बाजूने असतो. आणि बघा, यात व्यवस्था दाखवली आहे, कंटाळवाणी न होता. तुमच्या वरच्या प्रश्नाला मी हे उत्तर देईन, कथाबीज.

कथाबीज

उत्तर पटलं. 'श्वास'मध्ये रुग्णालयाचा कारभार हाच अडथळा आहे, म्हणून तो दाखवता आला. स्वतंत्रपुरात व्यवस्था मदत करणारी होती. मदत करणारी व्यवस्था दाखवणं जास्त अवघड, असं आता म्हणेन.

चाळीतली_गॅलरी

हे सगळं वाचून धीर करून लिहिते. माझ्या आजीची लालबागला खानावळ होती. चाळीतच, दोन खोल्यांची. गाळ्यात राहणारे गिरणीतले लोक जेवायला असायचे, बहुतेक कोकणातले आणि घाटावरचे, पगार झाला की पैसे द्यायचे. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला. आजीने जेवण बंद केलं नाही. वहीत मांडत राहिली. संप काही मिटला नाही, माणसं एकेक करून गावाला गेली. कितीतरी वर्षांनी एकजण आला, गावाकडचा तांदूळ आणि पैसे घेऊन. आजीने वही काढली आणि त्याच्या नावावर रेघ मारली.

आमच्या घरात ही गोष्ट सगळे सांगतात. मला यावर पटकथा लिहायची आहे. सुरुवात कुठून करू कळत नाही.

रविवारची_दुपार

वही! तुमचे 'डोळे' तुमच्याकडे आहेतच. वहीवरूनच सगळं सांगा. आधी भरलेली पानं, मग नुसत्या उधाऱ्या, मग कमी होत जाणारी नावं.

माणदेशी

मला तांदूळ घेऊन आलेला माणूस शेवटी नको वाटतो. गोड आहे, पण तो आला की बाकीचे जे आले नाहीत ते वाईट ठरतात. ते बिचारे कुठून देणार होते? अडीच लाख माणसांचा संप होता, निम्मं गिरणगाव रिकामं झालं. आलेला माणूस मधेच कुठेतरी यावा.

कथाबीज

माणदेशींशी सहमत. चाळीतली_गॅलरी, तुमच्याकडे हकिकतीचा चांगुलपणा आहे, अडचण अजून सापडलेली नाही. घरात सांगितल्या जाणाऱ्या गोष्टींचं असंच होतं. पुन्हा पुन्हा सांगताना खाचखळगे बुजतात आणि आजी देवी होऊन बसते. वही चांगली आहे, पण ती नंतर. आधी हिशेब बघा. आजी जेवण उधार देत होती, म्हणजे तांदूळ, तेल, रॉकेल कुठून आणत होती? वाण्याची उधारी किती दिवस चालली? दागिने गेले का? आजोबा काय म्हणत होते?

आणि त्या संपाची एक भयंकर गोष्ट पटकथेला फार उपयोगाची आहे. तो कधी संपणार हे कुणालाच माहीत नव्हतं. आज आपल्याला माहीत आहे की तो जिंकला गेला नाही. आजीला प्रत्येक सोमवारी वाटत असणार की या आठवड्यात मिटेल. ते वाटणं टिकवलंत तर प्रत्येक वाढलेलं ताट हा निर्णय होतो.

एक प्रश्न घरी विचारा. ती सगळ्यांना शेवटपर्यंत जेवू घालू शकली नसणार, ते शक्यच नाही. मग पहिल्यांदा 'उद्यापासून येऊ नको' असं ती कुणाला म्हणाली?

चाळीतली_गॅलरी

आईला फोन केला. आधी म्हणाली असं काही झालंच नाही. मग रात्री तिनेच परत फोन केला.

आजीचा धाकटा दीर जेवायला असायचा. तोही गिरणीतच. घरचा म्हणून त्याच्याकडून पैसे कधीच घेतलेले नव्हते, त्यामुळे वहीत त्याचं नावच नव्हतं. पहिल्यांदा त्याला बंद केलं. आजीचं म्हणणं असं की वहीतले लोक कधीतरी देतील, वाणी त्या वहीवर उधार देतोय, याच्यावर कोण देणार? आजोबा वर्षभर आजीशी बोलले नाहीत. दीर गावाला गेला तो परत आमच्याकडे आला नाही. आईच्या लग्नालाही नाही. हे आम्हा नातवंडांना आजवर कुणी सांगितलंच नव्हतं.

निळी_शाई

वहीत नाव नसलेला माणूस. बापरे.

कथाबीज

इथून सुरुवात करा. वहीपासून नको, दिरापासून. संपाच्या आधीची एक रात्र लिहा. पंगत बसलीय, सगळ्यांची नावं मांडली जातायत, आणि तो मांडलं जात नाही म्हणून ऐटीत दुसऱ्यांदा आमटी मागून घेतोय. तो प्रेक्षकांना आवडला पाहिजे. आजीचाही तो लाडका असला पाहिजे, अगदी उघडपणे.

आजोबा आणि आजी न बोलता एका खोलीत वर्षभर कसे राहिले, हे आईला विचारून ठेवा. निरोप कुणामार्फत जायचे, ताट कोण वाढायचं, हे बारीकसारीक आत्ताच टिपून घ्या. पहिला खर्डा झाला की इथेच टाका, आम्ही वाचू.